लहान बाळांच्या नर्सिंगमध्ये पुढचं शिक्षण: डिप्लोमा, एम.एस्सी. की नुसती ट्रेनिंगं? (गावाकडच्या सिस्टर-ब्रदर लोकांनो सांगा)

पिवळी इंट्राकॅथ
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून नुसतं वाचूनच राहिले होते, आज पहिल्यांदा धागा काढते, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात सहा वर्षं झाली, त्यातली साडेतीन नवजात बाळांच्या युनिटमध्ये. युनिट म्हणजे काय, चार वॉर्मर (बाळ गरम ठेवायची मशीन), दोन फोटोथेरपी (काविळीच्या बाळासाठी दिवे), आणि रात्री मी एकटी अन् एक मावशी.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री पावणेदोनला ॲम्ब्युलन्समधून बाळ आलं, वजन १४५० ग्रॅम, ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं. पायाला हात लावला गार, पोटाला लावला तेही गार, म्हणजे थंडी पार आत गेलेली. थर्मामीटर ३४.२ दाखवून राहिलं. एमओ (मेडिकल ऑफिसर) सर सिझरमध्ये अडकलेले, फोनवरून सांगत होते. टॉवेल काढून वॉर्मरखाली घेतलं, कोरडं केलं, टोपी-मोजे घातले, शुगर पाहिली, कमी निघाली. आता २४ नंबरची इंट्राकॅथ (ड्रिपसाठी शिरेत घालायची बारीक नळी) टाकायची तर व्हेन सापडेना. एक प्रिक गेला, दुसरा गेला. मावशीनं मोबाईलचा टॉर्च तळहाताच्या खालून धरला तेव्हा कुठे एक निळी रेघ दिसली आणि तिसऱ्यांदा लागली. ग्लोव्हजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून स्प्लिंट केला, ड्रिप चालू केली, बाळ गरम झालं आणि पहाटे जिल्ह्याला पाठवलं. बाळ जगलं, परवा आजी पेढे घेऊन आली होती.

पण त्या दोन प्रिकमध्ये दहा मिनिटं गेली ना, ती डोक्यातून जात नाहीत. साडेतीन वर्षांत मी जे शिकले ते सगळं बघून बघून, कोणी बसवून शिकवलं नाही. म्हणून वाटून राहिलं की आता नीट शिकावं. नवजात बाळांच्या नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो म्हणे, आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात त्यापेक्षा पोस्ट बेसिक बी.एस्सी. कर मग एम.एस्सी. कर, आमचे हे म्हणतात की सरकारी ट्रेनिंग आलं की जात जा, घर सोडून कायले जाते. मुलगा चार वर्षांचा आहे, सासूबाई सांभाळायला तयार आहेत. काय करू? आणि शिकून आल्यावर काही फरक पडते का, की तीच ड्युटी तोच पगार? ज्यांनी केलं त्यांनी मोकळेपणानं लिहा.

उंटावरचा शहाणा
ताई तुमच्या भावना समजतात पण हे सगळं डॉक्टरचं काम आहे. सरकारनं बालरोगतज्ज्ञ द्यावेत तालुक्याला. सिस्टरनं शिकून शिकून किती शिकायचं.

ब्रदर नाईट ड्युटी
शहाणे भाऊ, रात्री पावणेदोनला तुम्ही या उंटावरून उतरून, आम्ही वाट पाहतो.
बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या एका मिनिटात अंबू (श्वास द्यायची पिशवी) धरावा लागते, गोल्डन मिनिट म्हणतात त्याला. तज्ज्ञ क्वार्टरवरून चप्पल घालून येईपर्यंत ते मिनिट संपलेलं असते. तिथं जो उभा आहे त्याच्याच हाताला ते यायला पाहिजे, अन् उभी सिस्टरच असते. डॉक्टर पाहिजेतच, कोण नाही म्हणते, पण वॉर्मरपाशी चोवीस तास कोण असते ते एकदा पाहून या.

ट्यूटर मॅडम
पिवळी इंट्राकॅथ, तुमचं नाव वाचूनच कळलं की लहान मुलांच्या वॉर्डातल्या आहात. २४ नंबर पिवळी. 😄

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्याआधी नऊ वर्षं बेडसाइडला होते. जरा सविस्तर लिहिते कारण हे तीन रस्ते लोक एकात एक मिसळतात आणि मग पस्तावतात.

तुमच्या मिस्टरांचा रस्ता म्हणजे सरकारी ट्रेनिंगं. ती छोटी असतात पण कमी समजू नका. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं, त्यात मुख्यतः जन्मतःच बाळाला श्वास देणं, गरम ठेवणं, लवकर दूध. आयएमएनसीआय आठ दिवसांचं, आजारी मूल कसं ओळखायचं आणि कुठे पाठवायचं. एफबीएनसी (दवाखान्यातली नवजात बाळांची काळजी) हे तुमच्यासारख्या युनिटवाल्यांसाठी, चार दिवस वर्ग आणि मग चौदा दिवस मोठ्या केंद्रात प्रत्यक्ष बाळांपाशी. तुम्ही साडेतीन वर्षं युनिटला आहात आणि तुमचं एफबीएनसी झालेलं नाही असं दिसतंय. झालं नसेल तर आधी तेच मागा, लेखी अर्ज करून मागा. फुकट आहे, ड्युटी धरली जाते.

इन्चार्ज सिस्टरांचा रस्ता म्हणजे पदवी. तुम्ही जीएनएम, म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षं, मग एम.एस्सी. दोन वर्षं, त्यात चाइल्ड हेल्थ नर्सिंग हा विषय घेता येतो. परीक्षा आरोग्य विद्यापीठाची, नाशिकची, प्रबंध लिहावा लागतो. आता खरं सांगते, एम.एस्सी. करून बहुतेक जणी कुठे जातात? माझ्या जागी. वर्गात. माझ्या बॅचच्या चाइल्ड हेल्थवाल्या आम्ही सगळ्या आज फळ्यापुढे उभ्या आहोत, वॉर्मरपुढे एकही नाही. शिकवायची आवड असेल तर उत्तम रस्ता आहे, पण त्या दोन प्रिकमधल्या दहा मिनिटांचं उत्तर तिथे मिळणार नाही.

तिसरा तुम्ही म्हणता तो, पोस्ट बेसिक डिप्लोमा इन निओनेटल नर्सिंग. एक वर्ष, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अभ्यासक्रम. जीएनएमवाल्यांना चालतो, रजिस्ट्रेशन आणि वर्षभराचा अनुभव लागतो. याची खुबी अशी की हा रेसिडेन्सी पद्धतीचा आहे, थिअरी १० टक्के आणि बाकी ९० टक्के स्किल लॅब आणि वॉर्ड. म्हणजे वर्षभर हात बाळावरच.

फक्त प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेची मान्यता चालू वर्षाची आहे का ते कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा, जाहिरातीवर जाऊ नका. आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद करून घ्या, नाहीतर कपाटात प्रमाणपत्र आणि सर्व्हिस बुकात काहीच नाही असं होतं.

पिवळी इंट्राकॅथ
मॅडम किती छान लिहिलं, स्क्रीनशॉट काढून ठेवला. एफबीएनसीला दोनदा नाव गेलं होतं, दोन्ही वेळा "तू गेली तर रात्र कोण करीन" म्हणून कटलं.

ब्रदर नाईट ड्युटी
हे सगळीकडंच. ज्याच्यावाचून अडते त्याले सोडत नाहीत, अन् ज्याच्यावाचून अडत नाही तो ट्रेनिंगले जाऊन येते.

सांजवेळ
मी तो डिप्लोमा केलेला आहे, म्हणून लिहिते. मी अमरावती जिल्ह्यातली. वर्ष काढलं, घरापासून लांब, मुलगी तेव्हा तिसरीत होती.

काय शिकले ते सांगायचं तर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हिशेब. हसू नका. मोठ्या माणसाच्या वॉर्डात बाटली लावली, थेंब अंदाजानं सोडले, चालून जाते. बाळाचं तसं नाही. अंगातलं सगळं रक्तच किलोमागे साधारण ८० मिली. म्हणजे तुमच्या त्या १४५० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात पूर्ण रक्त किती? सव्वाशे मिलीच्या आत. टपरीवरचे दीड कटिंग चहा. आता त्यातून दिवसाला तीनदा दोन-दोन मिली तपासणीला काढलं तर काय होईल करा विचार. आमच्या मॅडम पहिल्याच दिवशी चहाचे ग्लास घेऊन आल्या होत्या आणि पाणी ओतून दाखवलं होतं, ते चित्र अजून डोळ्यापुढं आहे.

तसंच मायक्रोड्रिप. ६० थेंबांचा एक मिली, म्हणून तासाला जितके मिली द्यायचे तितकेच मिनिटाला थेंब. तासाला ५ मिली म्हणजे मिनिटाला ५ थेंब. इतकं सोपं आहे पण मला सात वर्षं नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं, मी कागदावर गुणाकार भागाकार करत बसायची.

ऑक्सिजनचं तर विचारूच नका. आधी मला वाटायचं जास्त दिला की चांगलं, मशीनवर रक्तातला ऑक्सिजन ९९-१०० टक्के दिसला की जीव शांत व्हायचा. तिथं गेल्यावर कळलं की कमी दिवसाच्या बाळाला ऑक्सिजनवर ठेवलं असेल तर ९० ते ९५ मध्येच धरायचं, जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्याला इजा होते. तेव्हा मला आठवलं की मी किती बाळांना फुल फ्लो लावून निवांत बसलेली असेन. ती रात्र मी हॉस्टेलमध्ये रडून काढली.

आता शेवटचं, फरक पडला का. बाळांना पडला. मला? परत रुजू झाले, पाच महिन्यांत रोटेशन निघालं आणि पुरुष सर्जिकल वॉर्डात टाकलं. वर्षभर शिकलेली बाई हायड्रोसीलची ड्रेसिंगं करत होती. पगारात एक रुपयाचा फरक नाही. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका.

मोहफूल
सांजवेळ ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडं (गडचिरोली) पण हेच. माझ्या मैत्रिणीचं एफबीएनसी झालं, अठरा दिवस शिकून आली, दोन महिन्यांनी डोळ्याच्या ओपीडीत.

ट्यूटर मॅडम
हेच दुखणं आहे सगळं. रोटेशन वाईट नाही, जीएनएमला सगळं यायला हवं, पण विशेष शिकलेल्या सिस्टरला निदान दोन-तीन वर्षं हलवायचं नाही एवढं साधं लेखी करून घेता येतं. डेप्युटेशनच्या (नोकरीत राहून शिकायला जायच्या) अर्जातच लिहा, "प्रशिक्षणानंतर नवजात कक्षातच सेवा देण्यास तयार आहे". बाँड तर ते लिहून घेतातच, मग त्यात कक्षाचं नावही घालायला लावा. मिळेलच असं नाही, पण कागद असला तर मेट्रनसमोर बोलता येतं.

उंटावरचा शहाणा
बरं एक विचारतो, भांडण नाही. परदेशात म्हणे नर्सच लहान मुलांना तपासते, औषध लिहून देते. खरं का?

थेम्सकाठची वैदर्भीण
खरं आहे. मी मूळची अकोल्याकडची, आठ वर्षं झाली इंग्लंडात.

अमेरिकेत पेडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात, पहिला कोर्स १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला, लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून. आणि का सुरू केला माहितीये, गावाकडच्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते म्हणून! म्हणजे आपलं जे रडगाणं तेच तिकडचं होतं, साठ वर्षांपूर्वी.

इकडे इंग्लंडात वेगळीच तऱ्हा, इथे नर्सिंग शिकतानाच पहिल्या दिवसापासून चार वाटा, मोठी माणसं, मुलं, मानसिक आजार आणि लर्निंग डिसॅबिलिटी. मुलांची नर्स म्हणजे तेच शिकून आलेली. मी आपली सगळं शिकून आले होते म्हणून मला मोठ्यांची नर्स म्हणून रजिस्टर केलं आणि नवजात कक्षात शिरायला मला पुन्हा कोर्स करावा लागला. आमच्या युनिटला ॲडव्हान्स्ड निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर आहेत, त्या मास्टर्स केलेल्या नर्सेस, रात्री ट्यूब त्याच टाकतात, नाळेतून लाइन त्याच टाकतात, ज्युनिअर डॉक्टर त्यांच्याकडून शिकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं होतं.

पण एक सांगते, इथे आल्यावर माझं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं झालं असेल तर व्हेन शोधण्याचं. विदर्भात मोबाईलच्या टॉर्चवर शिकलेला हात आहे तो. पिवळी, तुझी तिसऱ्यांदा लागली ना, तशा परिस्थितीत तिसऱ्यांदा लागणं म्हणजे चांगलंच म्हणायचं गं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

ब्रदर नाईट ड्युटी
आपल्याकडं पण नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर म्हणून दोन वर्षांचा कोर्स कौन्सिलनं काढलेला आहे, पण त्याले बी.एस्सी. लागते, अन् करून आल्यावर पोस्ट कुठं आहे? आधी पद काढा मग कोर्स काढा असं कोणी करत नाही.

पऱ्हाटी
मी काही दवाखान्यातला नाई, शेतकरी मानूस आहो. बायकोनं हा धागा दाखवला म्हून लिवतो.

आमचं पोट्टं सातव्या महिन्यातच झालं, १३०० ग्राम. ऐन कापूस वेचाईचे दिवस. जिल्ह्याच्या दवाखान्यात ३४ दिवस काचेतल्या खोलीत होतं. मले तं पैल्या दिवशी पाह्यलं तवा वाटलं हे काई वाचत नाई, मांजरीच्या पिलाएवढं. एक सिस्टर होती तिथं, तिनं मले चवथ्या दिवशी बोलावलं, म्हने शर्ट काढा. म्या म्हनलं कायले? म्हने बाळाले छातीले लावून बसा. अवो मी घामाचा, मातीचा मानूस. तिनं मले आंघोळ करून याले लावलं, नखं पाह्यली, मंग खुर्चीत बसवून बाळ छातीवर ठेवलं, वरून माह्याच बायकोच्या लुगड्यानं बांधलं. दोन घंटे हललो नाई. तं तिनं मले मशीनवरचे आकडे दाखवले, म्हने पाहा भाऊ, बाळाचा श्वास कसा सरळ चालून राह्यला. रोज मी अन् बायको पाळीपाळीनं बसो. दूध त्या बोंडल्यानं पाजाले पन तिनंच शिकवलं, थेंब थेंब, घाई नाई. अन् सुट्टी देतानी तारीख लिवून देली डोळे तपासाची, तीनदा बजावलं का हे चुकवू नका नाईतं पोराची नजर जाईन. आता ते पोट्टं अंगनवाडीत जाते अन् साऱ्या गल्लीले तरास देते.

डॉक्टरसायेब दिवसातून दोनदा येत, चांगले होते. पन आमाले शिकवलं सिस्टरनं. तिनं कोनता कोर्स केला होता मले माईत नाई. पन जो केला होता तो करा ताई तुमी.

सांजवेळ
भाऊ 🙏 त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियात बोगोटाला १९७८ च्या सुमारास सुरू झालं, कारण तिथं इन्क्युबेटर पुरत नव्हते. आता तर इन्क्युबेटर असले तरी हेच करा म्हणतात, जन्मल्याबरोबर लगेच. २०२१ मध्ये मोठा अभ्यास आला त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंगही होतं, लगेच कांगारू केअर दिलेल्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी निघाले. आणि नाव मदर असलं तरी बापाच्या छातीला मनाई नाही, बापाचीही तेवढीच गरम असते.

पिवळी इंट्राकॅथ
पऱ्हाटी भाऊ, ड्युटीवर वाचलं आणि मास्क ओला झाला.

मोहफूल
एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. लहान मुलांची नर्सिंग म्हणजे फक्त नवजात नाही हो. आमच्याकडं मोठ्या मुलांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. आठ-नऊ वर्षांचं पोरगं हातपाय दुखतात म्हणून रात्रभर कण्हते आणि वॉर्डात कोणीतरी म्हणते नाटक करून राहिला, इंजेक्शनची सवय लागली. तो क्रायसिस असतो, त्या दुखण्याला मोठा माणूस गडाबडा लोळते. मुलांचं दुखणं मोजायच्या पट्ट्या आहेत, चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारायची, बोलत नसेल तर पाय कसे हलवते, चेहरा कसा करते त्यावरून आकडा द्यायचा. हे मी एका कार्यशाळेत शिकलो आणि मग वॉर्डात ते चेहऱ्यांचं चित्र लॅमिनेट करून प्रत्येक खाटेला लटकवलं. एका माडिया पोरानं मला भाषा न येता बोट ठेवून सांगितलं, शेवटून दुसरा चेहरा. त्याला कोणता कोर्स म्हणायचं ते ट्यूटर मॅडमनी सांगावं.

आणि दुसरं, आमच्या जिल्ह्यातल्या सर्च संस्थेचं उदाहरण कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या गावातल्याच बायकांना तयार केलं, बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, गरम ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी जाऊन बाळ बघतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तेव्हा डिप्लोमा करा पण परत आल्यावर तालुक्यातल्या आशांना घेऊन बसा. ते १४५० ग्रॅमचं बाळ ओल्या टॉवेलात आलं, तो टॉवेल कोणी बदलला असता तर तुमचं अर्धं काम आधीच झालं असतं.

ब्रदर नाईट ड्युटी
ओल्या टॉवेलाचा मुद्दा लाखाचा.

चिखलदऱ्याचं धुकं
मेळघाटातून. मी इथं बाहेरून आले, कोरकू येत नव्हती, पहिले सहा महिने खुणांवर काढले. कोर्सबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की कोर्समध्ये मूल शिकवतात, मुलाची आजी शिकवत नाहीत.

पोट फुगलेलं दोन महिन्यांचं मूल आलं. फडकं काढलं तर पोटावर डागाच्या खुणा, विळा तापवून दिलेल्या. डंबा म्हणतात इकडे. मी त्या आजीवर इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी, मूल घेऊन रातोरात निघून गेले. ते मूल पुढं कसं झालं मला कळलंच नाही. त्यानंतर मी ओरडत नाही. आता आधी आजीला चहा देते, मग विचारते, भुमकाकडं (गावच्या वैदूकडं) जाऊन आलात का, काय म्हणाला तो. सांगतात मग सगळं. आणि थांबतात.

कुपोषित मुलांच्या केंद्रातही तेच. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आहे, मूल हाडाचा सापळा, आईला वाटते आता सरकारी दवाखान्यात पोटभर देतील. आणि आपण देतो मोजून मापून पातळ एफ-७५ (अशा मुलांचं खास दूध), दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. एकदम भरपूर दिलं तर ते शरीर सोसत नाही, हृदयावर ताण येऊन मूल जाऊ शकते, म्हणून आधी ७५, सावरलं की मग १००. हे आईला पटवणं म्हणजे खरं काम. आईला वाटते ही सिस्टर कंजूष आहे. 😅

थेम्सकाठची वैदर्भीण
चहा देऊन आजीला विचारणं इथल्या मास्टर्समध्ये फॅमिली सेंटर्ड केअर म्हणून एक आख्खा पेपर आहे. तू चिखलदऱ्यात पास झालीस बाई.

वैनगंगेकाठचा
जरा वेगळं. मी भंडाऱ्याकडचा, नर्सिंगवाला नाही, इलेक्ट्रिशियन. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, ते आम्ही विसरू शकत नाही. तुमच्या कोर्समध्ये आग लागली तर बाळं कशी काढायची हे शिकवतात का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

सांजवेळ
भाऊ, आम्हाला शिकवलं. कोणतं बाळ आधी, एका सिस्टरनं एका वेळी किती उचलायची, ऑक्सिजनचा मेन व्हॉल्व्ह कुठं. डोळे बांधून दारापर्यंत चालायला लावलं होतं, कारण धुरात काही दिसत नाही. खूप खिशांचा एप्रन असतो, त्यात बाळं घालून न्यायची, आमच्याकडं नव्हता तर आम्ही चादरीची झोळी करून सराव केला, प्लास्टिकच्या डमीवर. तेव्हापासून नवीन वॉर्डात गेले की मी आधी बोर्ड आणि मागचं दार बघते. एकाच एक्स्टेन्शनवर वॉर्मर आणि सक्शन दिसलं की मला झोप येत नाही.

वैनगंगेकाठचा
एक्स्टेन्शनवर वॉर्मर लावूच नका. सगळ्यात आधी तेच तापते. तुमच्या इंजिनिअरला सांगा प्रत्येक वॉर्मरला भिंतीत वेगळा पॉइंट. आणि प्लगला हात लावून बघत जा, कोमट लागला तरी कळवा.

पिवळी इंट्राकॅथ
आत्ताच जाऊन चारही प्लगला हात लावून आले. तीन नंबरचा कोमट आहे. सकाळी लेखी देते.

उंटावरचा शहाणा
हे वाचून मी उंटावरून खाली उतरलो. माझं पहिलं वाक्य मागे घेतो.

ब्रदर नाईट ड्युटी
या, चहा ठेवला. कटिंग, बाळाच्या रक्ताएवढा नाही, फुल.

पिवळी इंट्राकॅथ
बावीस दिवसांनी वर काढते धागा.

तीन नंबरचा पॉइंट बदलला. आतून वायर काळी झालेली निघाली. वैनगंगा भाऊ, तुम्हाला काय म्हणू.

ट्यूटर मॅडमनी सांगितलं तसा अर्ज दिला, "नवजात कक्षातच सेवा देण्यास तयार" हे वाक्य घालून. मेट्रन मॅडमनी दोनदा वाचला, चष्मा काढला, म्हणाल्या हे वाक्य कोणी शिकवलं तुले? मी म्हटलं वाचून शिकले. सही केली. एफबीएनसी पुढच्या बॅचला नक्की झालं, माझी रात्र ओटीची सिस्टर करेल असं ठरलं, ती बिचारी घाबरून राहिली म्हणून तिला रोज अर्धा तास अंबू शिकवून राहिले, बाहुलीवर, दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन. तिच्याकडून मास्कच्या बाजूनं हवा निघून जात होती, छाती उठत नव्हती. काल पहिल्यांदा उठली तर आम्ही दोघी ओरडलो आणि मावशी धावत आल्या.

डिप्लोम्याचा फॉर्म भरला आहे, डेप्युटेशनची फाईल वर गेली. येईल तेव्हा येईल. एम.एस्सी. आत्ता नाही. आमचे हे म्हणाले, जा बाई, पण पोट्ट्याले रोज व्हिडिओ कॉल.

मोहफूल भाऊंचं ऐकून परवाच्या आशा मीटिंगला गेले, पंधरा मिनिटं मागून घेतली. ओला टॉवेल आणि कोरडा टॉवेल दोन्ही नेले, थर्मामीटर गुंडाळून दाखवला. एका आशाताईनं विचारलं की कोरडं फडकं नसलंच घरी तर? मी काही बोलायच्या आतच दुसरी म्हणाली, मग आईच्या छातीले लाव, पदर तं आहेच ना.

सांजवेळ
शाब्बास गं. फॉर्म लागला तर एक ऐक, सुती पातळ कपडे घेऊन जा. लोक म्हणतील मोठं हॉस्पिटल, एसी, स्वेटर ने. बाळांसाठी खोली २६-२८ ला ठेवतात आणि वर वॉर्मर, मे महिन्यात आपण आतून उकडून निघतो.

पऱ्हाटी
अन् नखं कापून जा. 😀